अ‍ॅकिलचा मोडलेला लोहमार्ग

आयर्लंड देशाच्या पश्चिमेस मेयो नावाचा परगणा असून त्याच्या अगदी टोकाशी, अटलांटिक महासागरास छाती देऊन उभे असलेले अ‍ॅकिल नावाचे बेट आहे. वेस्टपोर्ट गावापासून या बेटाच्या तोंडापर्यंत एके काळी आगगाडी धावत असे. हा लोहमार्ग १८९५ साली पुरा झाला व १९३७ साली कायमचा बंद पडला. म्हणजे पुऱ्या मार्गाचे आयुष्य अवघे ४२ वर्षांचे. पुढे रूळ उचलले गेले, स्टेशने ओस पडली आणि भरावावर गवत माजले. आता त्याच भरावावरून माणसे पायी चालतात. ही वाट सुमारे ४२ किलोमीटर लांबीची आहे. मी ती तीन दिवसांत चालून गेलो, आणि वाटेवर जो इतिहास पाहिला व ऐकला तो पुढे सांगत आहे.

आपल्या देवळाच्या महोत्सवाच्या अंकात परदेशातील एका मोडलेल्या लोहमार्गाची कथा कशाला, असा प्रश्न कोणी वाचक करील. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर कथा सांगून झाल्यावरच नीट देता येईल, यास्तव वाचकांनी थोडा धीर धरावा.

प्रथम हा मार्ग बांधला का, ते पाहू. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडची बहुतेक जमीन मोठ्या जमीनदारांच्या हाती होती. कूळ त्यांना रोख खंड देई आणि स्वतः बटाट्यावर जगे. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला व पुढे काही वर्षे घोर दुष्काळ माजला. १८४१ च्या शिरगणतीत त्या देशाची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती. १८५१ साली ती सुमारे साडेपासष्ट लाखांवर आली. कमी झालेल्यांपैकी कित्येक भुकेने व तापाने मेले, आणि कित्येक जहाजात बसून परदेशी गेले. त्या दुष्काळाचा तडाखा पश्चिमेकडील परगण्यांना सर्वांत जबर बसला, आणि मेयो त्यांपैकीच एक.

अ‍ॅकिलची जमीन म्हणजे खडक आणि दलदल. दलदलीतील काळी माती कापून, वाळवून लोक ती चुलीत जाळीत. तीवर पीक फारसे येत नसे. दुष्काळ ओसरला तरी खंड काही सुटला नाही. तो रोख द्यावा लागे, आणि रोकड तर बेटावर पिकत नव्हती. मग घरातील तरुण मुलेमुली उन्हाळा सुरू होताच स्कॉटलंडला जात आणि तेथील शेतकऱ्यांचे बटाटे काढून शरद ऋतूत परत येत. एक मुकादम त्यांची टोळी जमवी. टोळी आज या शेतावर तर उद्या त्या शेतावर. निजावयास गोठा, कोठार किंवा पडवी मिळे. ज्या बटाट्याने त्यांच्या आजोबांना दगा दिला होता, तोच दुसऱ्याच्या शेतातून उकरून ही नातवंडे घराचा खंड भरीत. आपल्याकडे ऊसतोडीला जाणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे जिणे निराळे करून सांगावयास नको.

१८८९ साली आर्थर बाल्फोर हे आयर्लंडचे मुख्य सचिव असता हलक्या लोहमार्गांचा कायदा झाला. दरिद्री भागांत सरकारी मदतीने लोहमार्ग बांधावे, अशी त्यातील योजना होती. तिचे हेतू दोन. बांधकाम चालू असता गरिबांस मजुरी मिळावी हा एक. आणि मार्ग पुरा झाल्यावर किनाऱ्यावरील मासळी ताजी असतानाच मोठ्या बाजारात पोहोचावी व हवा खाण्यास येणाऱ्या प्रवाशांमुळे गावात पैसा यावा हा दुसरा. वेस्टपोर्टहून अ‍ॅकिलकडे जाणारा मार्ग या योजनेतलाच. तो मिडलंड ग्रेट वेस्टर्न या रेल्वे कंपनीने चालविला. कायद्याच्या नावात हलका हा शब्द असला तरी रूळ मात्र त्या देशाच्या मुख्य मार्गांप्रमाणेच रुंद, पाच फूट तीन इंच अंतराचे होते. आपल्याकडील मोठ्या मार्गाचे अंतर पाच फूट सहा इंच. म्हणजे फरक अवघ्या तीन बोटांचा.

वेस्टपोर्टहून निघाले की डाव्या हातास क्ल्यू उपसागर पसरतो. त्यात लहान लहान हिरवी बेटे इतकी आहेत की वर्षाच्या दिवसांइकी ती आहेत, असे लोक म्हणतात. पलीकडे क्रोक पॅट्रिक हा ७६४ मीटर उंचीचा डोंगर उभा आहे. संत पॅट्रिकने त्याच्या माथ्यावर चाळीस दिवस उपास केला, अशी परंपरा आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो यात्रेकरू तो डोंगर चढतात. कित्येक अनवाणी चढतात.

लोहमार्गाच्या वाटेवरून चालणाऱ्यास एक गोष्ट लवकरच जाणवते, ती ही की येथे दम लागत नाही. वाफेच्या इंजिनास उभा चढ चढवत नसे. म्हणून बांधणाऱ्यांनी जेथे टेकडी आली तेथे ती कापली, जेथे खळगा आला तेथे तो भरला, आणि जेथे वळण घ्यावे लागले तेथे ते लांबरुंद घेतले. साध्या पायवाटेला असे करण्याचे कारण पडत नाही. यामुळे रूळ गेले, खडी गेली, तरी ही वाट मूळची कोणाची ते लपत नाही. फोडलेल्या खडकाच्या दोन भिंतींमधून जाताना मी सुरुंगाच्या पहारींचा विचार करीत होतो. त्या धरणारे हात याच परगण्यातील भुकेल्या माणसांचे होते. त्यांना थोडे दिवस घराजवळ मजुरी मिळाली, हा या मार्गाचा पहिला व निर्विवाद उपकार होय.

परंतु मार्ग पुरा होण्यापूर्वीच त्यावर एक निराळाच भार आला. १४ जून १८९४ रोजी अ‍ॅकिलहून स्कॉटलंडच्या कामाला निघालेली तरुण मंडळी शिडाच्या गलबतांत बसून उपसागर ओलांडीत होती. त्यांना नेणारी एल्म नावाची आगबोट वेस्टपोर्टच्या बाजूस उभी होती. एका गलबतात शंभराहून अधिक माणसे होती. त्यांत मुली पुष्कळ. आगबोट दृष्टीस पडताच ती पाहण्यास सर्वजण एका अंगास झाले, असे सांगतात. गलबत कलंडले, आणि ३२ जण बुडाले. किनारा जवळ होता. वेस्टपोर्टहून मृतदेह अ‍ॅकिलकडे न्यावयाचे, तर सर्वांत जवळची वाट म्हणजे नवा लोहमार्ग. न्यूपोर्टच्या पुढे तो अद्याप लोकांसाठी उघडलाही नव्हता. तरी खास गाडी सोडण्यात आली. अशा रीतीने अ‍ॅकिलकडे गेलेल्या पहिल्या गाडीत शवपेट्या होत्या.

येथे मनाला एक विचार टोचल्याशिवाय राहत नाही. हा मार्ग एकच वर्ष आधी पुरा झाला असता, तर त्या मुलामुलींना गलबतात पाय ठेवण्याचे कारणच पडले नसते; ती गाडीत बसून सुखरूप धक्क्यावर आली असती. गरिबांसाठी योजलेली मदत पुष्कळदा येते, पण उशिरा येते. आणि त्या उशिराची किंमत मदत देणारा भरीत नाही.

पहिल्या अकरा किलोमीटरांनंतर न्यूपोर्ट हे टुमदार गाव लागते. तेथे नदीवर तांबड्या दगडाचा सात कमानींचा पूल आहे. त्यावरून आगगाडी जात असे. आता त्यावरून शाळेची मुले व म्हातारी माणसे जातात. पुलावर उभे राहिले की टेकडीवरचे संत पॅट्रिकचे देऊळ दिसते. ते १९१८ साली पुरे झाले. त्याच्या वेदीमागील रंगीत काचांच्या मोठ्या खिडकीत हॅरी क्लार्क या विख्यात कारागिराने अंतिम न्यायाचा देखावा रेखाटला आहे. हे काम १९३० सालचे. पुढच्याच वर्षी तो क्षयाने वारला. त्या देखाव्यात निळा व हिरवा रंग असा काही उतरला आहे की पाहणारा उगाच खालच्या आवाजात बोलू लागतो.

न्यूपोर्टपासून मलरॅनीपर्यंत १८ किलोमीटर वाट एका अंगास डोंगर व दुसऱ्या अंगास उपसागर ठेवून जाते. वस्ती विरळ. काळ्या दलदलीत कापलेल्या मातीच्या विटा वाळत घातलेल्या दिसतात. मेंढ्या वाटेवरच बसलेल्या असतात व चालणाऱ्यास पाहून नाइलाजाने उठतात. मलरॅनीस रेल्वे कंपनीने १८९७ साली मोठे हॉटेल उघडले. डब्लिनचे व इंग्लंडचे श्रीमंत लोक समुद्रस्नानासाठी तेथे येऊन राहत. म्हणजे एकाच मार्गाने एका दिशेस हौसेचे प्रवासी येत आणि दुसऱ्या दिशेस पोटाचे प्रवासी जात. दोघांच्याही तिकिटांचे पैसे कंपनीच्या एकाच पेटीत पडत. कायदा करणाऱ्यांच्या मनात होते की हा मार्ग गावात काम आणील. घडले असे की त्याने गावकऱ्यांना कामाकडे नेले. मासळी गेली, प्रवासी आले, हे खरेच. पण दरसाल जून महिन्यात जी मुले फलाटावर बोचकी घेऊन उभी राहत, त्यांची संख्या या सुधारणेने सरली नाही.

मलरॅनीपासून शेवटचे १३ किलोमीटर चालले की अ‍ॅकिलचा आखात येतो. लोहमार्ग येथेच संपे; तो बेटावर कधी गेलाच नाही. पुढे पूल आहे. पहिला पूल १८८७ साली झाला व त्याला मायकेल डेव्हिट यांचे नाव मिळाले. हे गृहस्थ याच परगण्यात जन्मले होते व जमीनदारीविरुद्ध झगडणाऱ्या लँड लीगच्या संस्थापकांपैकी एक होते.

आता या मार्गाच्या शेवटाकडे येऊ. १६ सप्टेंबर १९३७ च्या पहाटेपूर्वी स्कॉटलंडमधील कर्किन्टिलॉक या गावी बटाटे काढण्यास गेलेली अ‍ॅकिलची एक टोळी झोपली होती. मुली एका खोलीत व मुलगे शेजारच्या खोपटात. रात्री आग लागली. मुली वाचल्या. मुलगे दहा होते. ज्या दाराने बाहेर पडावयाचे ते बंद होते, आणि दहाही जण आत जळून मेले. त्यांतील सर्वांत लहान तेरा वर्षांचा होता व सर्वांत मोठा तेवीस वर्षांचा. त्यांत सख्खे भाऊही होते.

मृतदेह समुद्रमार्गे आयर्लंडला आणले गेले आणि तेथून आगगाडीने अ‍ॅकिलला. मोटारगाड्यांमुळे उत्पन्न घटून हा मार्ग तोवर शेवटच्या घटका मोजीत होता. तो बंद करण्याचे ठरलेच होते. दहा शवपेट्यांची ती गाडी गेली आणि थोड्याच दिवसांत मार्ग कायमचा बंद झाला. किलडॅव्हनेट येथे समुद्रकाठी एक जुने कबरस्थान आहे. १८९४ साली बुडालेल्यांना तेथेच पुरले होते. १९३७ साली जळालेल्यांनाही तेथेच पुरले. दोन्ही ठिकाणी स्मारकाचे दगड आहेत. त्या मुलांच्या मृत्यूने आयर्लंडभर हळहळ व संताप झाला. सरकारने हंगामी मजुरांच्या स्थलांतराची चौकशी करण्यासाठी समिती नेमली व तिचा अहवाल १९३८ साली झाला. तोवर अशी खोपटी कोणाला दिसत नव्हती असे नाही; ती पाहण्याची गरज कोणाला वाटत नव्हती, इतकेच.

पहिली गाडी मृतांची आणि शेवटच्या गाड्यांपैकी एक मृतांची, हा योग लोकांच्या मनावर कोरला गेला. सतराव्या शतकात त्या भागात ब्रायन रूआ, म्हणजे तांबड्या केसांचा ब्रायन, नावाचा एक मनुष्य होऊन गेला. लोखंडी चाकांचे रथ धूर व आग ओकीत अ‍ॅकिलला येतील आणि पहिला व शेवटचा रथ मृतांना आणील, असे त्याने सांगून ठेवले होते, असे लोक मानतात. वाटेवर भेटलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने ही कथा मला मोठ्या गांभीर्याने सांगितली.

अशा भविष्यकथनाविषयी इतिहासलेखकाने सावध असावे, आणि धर्मगुरूने तर विशेषच असावे. तोंडोतोंडी चालत आलेली वाणी घटना घडून गेल्यावर अधिक नेमकी होत जाते, हा सर्व देशांतील अनुभव आहे. शिवाय मला वाटते की हे मृत्यू समजून घेण्यास भविष्यवाणीची जरूरच नाही. ज्या बेटाची मुले दरसाल पोटासाठी समुद्रापलीकडे जातात, त्यांना गलबतात दाटून बसवतात व गुरांच्या जागी निजवतात, त्या बेटाकडे जाणाऱ्या गाडीत कधी ना कधी शवपेट्या असणारच. जे दैवाने लिहिले असे आपण म्हणतो, ते पुष्कळदा माणसांच्या हिशेबवहीत आधीच लिहिलेले असते. दैवावर भार टाकला की वहीचे पान कोणी उघडून पाहत नाही. तथापि त्या वृद्ध शेतकऱ्याचा मी मुळीच उपहास करीत नाही. लोकांनी ही कथा जपली ती चमत्काराच्या हौसेने नव्हे, तर तीमुळे त्या ४२ मृतांची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहिली म्हणून. बत्तीस आणि दहा: बेचाळीस.

रूळ उचलल्यावर सत्तरांहून अधिक वर्षे ती जमीन पडून होती. कोठे गुरे चरत, कोठे काटेरी झुडपे वाढली. मग परगण्याच्या कारभाऱ्यांनी ती चालण्यासाठी व सायकलीसाठी मोकळी करण्याचे ठरविले. जमीन तोवर शेतकऱ्यांच्या ताब्यात गेली होती. ती सक्तीने घेतली नाही. शेतकऱ्यांनी आपल्या शेतातून वाट जाऊ देण्यास राजीखुशीने संमती दिली. २०१० साली न्यूपोर्ट ते मलरॅनी हा भाग खुला झाला व २०११ साली वेस्टपोर्टपासून अ‍ॅकिलपर्यंतची पुरी वाट झाली. आता वाटेवर खाणावळी, सायकली भाड्याने देणारी दुकाने व उतारूंची घरे चालतात, आणि ती चालविणारे बहुधा याच गावचे लोक आहेत. आगगाडीने जे काम गावात आणावे अशी १८८९ साली अपेक्षा होती, त्यातले थोडेसे आगगाडी गेल्यावर, माणसांच्या पावलांनी आणले आहे. तेवढ्याने सर्वांचे स्थलांतर थांबले असे मात्र कोणी समजू नये.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळतो. महोत्सव हा शब्द आपण दिवे, पताका, बँड व भोजन यांच्याशी जोडतो, आणि त्यांत वावगे काही नाही. परंतु पवित्र शास्त्रातील लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासाव्या वर्षाची जी आज्ञा आहे, तिचे मर्म निराळे आहे. त्या वर्षी ज्याची जमीन कर्जापायी गेली असेल त्याने तिच्याकडे परत यावे, आणि जो पोटासाठी दुसऱ्याच्या घरी राबत असेल त्याने आपल्या कुळात परत यावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे जुबिली या गोष्टीचा गाभा परतणे हा आहे. जे गेले ते घरी यावेत. आणि शवपेटीतून नव्हे, तर स्वतःच्या पायांनी यावेत.

या दृष्टीने आपल्या देवळाचे बाप्तिस्म्याचे पुस्तक उघडून पाहावे. ज्यांची नावे तेथे लिहिली आहेत, त्यांतील कितीजणांची नावे आपल्या दफनाच्या पुस्तकात आढळत नाहीत! ते जहाजांवर गेले, आखाती देशांत गेले, मुंबईच्या कारखान्यांत व परक्यांच्या स्वयंपाकघरांत गेले. त्यांनी पाठविलेल्या पैशांतून आपल्या घरांवर कौले चढली. देवळाच्या घंटेसाठी व वेदीसाठी ज्या वर्गण्या जमल्या त्यांतही त्यांचा वाटा आहे. या अंकात देणगीदारांची यादी छापली आहे. तीत ज्याने पैसा हाती दिला त्याचे नाव असते. ज्याने तो दूर देशी मिळविला त्याचे बहुधा नसते.

म्हणून माझी सर्व कुटुंबांस एक विनंती आहे. आपल्या घरातून कामासाठी गाव सोडून गेलेल्या प्रत्येकाचे नाव, तो कोठे गेला व कोणत्या वर्षी गेला, एवढे एका कागदावर लिहून देवळाच्या कचेरीत आणून द्यावे. जे तिकडेच वारले, त्यांची नावे अवश्य द्यावी. मग ती कितीही जुनी असोत. महोत्सवाच्या मिस्सेत ती सर्व नावे वाचली जातील व नंतर एका वहीत उतरवून ती वही बाप्तिस्म्याच्या पुस्तकाशेजारी ठेवली जाईल. आणि जी मुले आज बाहेर आहेत, त्यांना घरच्यांनी पत्र किंवा फोन करून एवढे जरूर विचारावे: तू निजतोस ती जागा कशी आहे, आणि तिचे दार आतून उघडते ना?